‘नाही’ कुठे लपलंय?

चला, एक खेळ खेळू या. मी तीन आकडे सांगते: २, ४, ६. हे तीन आकडे एका नियमात बसतात. तो नियम माझ्या मनात आहे आणि तुम्ही तो ओळखायचा आहे. कसा? तुम्ही तुमच्या मनाने कोणतेही तीन आकडे मला विचारायचे. नियमात बसले तर मी ‘हो’ म्हणेन, नाही बसले तर ‘नाही’. कितीही वेळा विचारा, घाई नाही. खात्री पटली की मग नियम सांगायचा.

पुढे वाचण्याआधी पेन्सिल घ्या आणि तुम्ही कोणते आकडे विचाराल ते कागदावर लिहा. मनातल्या मनात नको, खरंच लिहा. मी थांबते.

झालं लिहून? बघू. ८, १०, १२? हो, बसतात. २०, २२, २४? हो, तेही बसतात. १००, १०२, १०४? हो! आता तुम्ही उड्या मारत म्हणाल, “ओळखलं! दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!”

चूक.

मग कोणीतरी हुशारीने १, ३, ५ विचारेल. उत्तर ‘हो’. म्हणजे सम-विषमचा काही संबंध नाही, नुसतं दोन-दोनने वाढायचं, बरोबर? तेही चूक.

माझा नियम एवढाच होता: पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा हवा. बस्स, चढता क्रम. १, २, ३ चाललं असतं. ५, ७०, ९००० सुद्धा चाललं असतं.

हा खेळ मी शोधलेला नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तो १९६० साली प्रसिद्ध केला. त्याने २९ विद्यार्थ्यांना एकेकट्याने हे कोडं घातलं. त्यांतल्या फक्त ६ जणांनी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर नियम ओळखला. बाकीचेही कॉलेजात शिकणारे, चांगले हुशार विद्यार्थी, पण त्यांतले जवळपास सगळे पूर्ण खात्रीने चुकीचा नियम सांगून मोकळे झाले.

मला यातली ‘खात्री’च फार विचार करण्यासारखी वाटते. त्यांनी आळस केला नव्हता. त्यांची बेरीज-वजाबाकीही चुकली नव्हती. त्यांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली, मग निष्कर्ष काढला. मग चुकलं कुठे?

तुमच्या कागदाकडे परत बघा. दोन-दोनचा नियम आधी डोक्यात आला आणि त्यानंतर त्या नियमात बसतील असेच आकडे तुम्ही निवडलेत ना? ८, १०, १२ हे आकडे दोन-दोनने वाढतात. पण ते नुसते वाढतातही! म्हणजे तुमचा नियम खरा असला तरी उत्तर ‘हो’, आणि माझा नियम खरा असला तरीही उत्तर ‘हो’. असा प्रश्न शंभर वेळा विचारला तरी दोन्ही नियमांतला फरक कळणार कसा? याउलट कोणी २, ४, ७ विचारलं असतं तर? दोन-दोनचा नियम खरा असेल तर उत्तर ‘नाही’ यायला हवं. पण मी ‘हो’ म्हणाले असते, आणि एका प्रश्नात तो नियम बाद झाला असता.

आपल्या मनात एखादी कल्पना आली की ती खरी ठरवणाऱ्या गोष्टीच आपण शोधत सुटतो. ती खोटी ठरवू शकेल असं काही शोधायचं आपल्याला सुचतच नाही. शास्त्रज्ञ या सवयीला ‘कन्फर्मेशन बायस’ म्हणतात. ही सवय लहानांना असते, मोठ्यांना असते, शिक्षकांना असते, डॉक्टरांना असते आणि शास्त्रज्ञांनाही असते. मी मुद्दाम शोधायला लागले, तर मला ती घरोघरी दिसली.

उदाहरणार्थ क्रिकेटचा सामना. टीव्हीसमोर सगळं घर बसलंय. दादा पाणी प्यायला उठतो आणि नेमकी आपली विकेट पडते. “तुला उठायला कोणी सांगितलं होतं?” आजोबा ओरडतात. दोन दिवसांनी पुन्हा तस्संच होतं. झालं! आता घशाला कितीही कोरड पडली तरी दादाने जागेवरून हलायचं नाही, असा घराचा कायदाच होतो.

आता जरा कागदावर चार खाने आखू. पहिल्या खान्यात ‘दादा उठला आणि विकेट पडली’. दुसऱ्यात ‘दादा उठला पण विकेट नाही पडली’. तिसऱ्यात ‘दादा बसूनच होता, तरी विकेट पडली’. चौथ्यात ‘दादा बसून होता आणि विकेट नाही पडली’. आठवून सांगा, घरात चर्चा कोणत्या खान्याची होते? फक्त पहिल्या. दादा सामन्यात दहादा उठून आला आणि काहीच झालं नाही, हे कोणाच्या लक्षात राहणार? ‘काहीच झालं नाही’ ही काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे! पण दादाच्या उठण्याचा विकेटशी संबंध आहे का, हे ठरवायला चारही खाने लागतात. एकही सोडून चालत नाही.

यान स्मेडस्लुंड या नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली नर्सेसना १०० कार्डं दिली. प्रत्येक कार्ड म्हणजे एक रुग्ण. त्याच्यात अमुक एक लक्षण आहे की नाही आणि त्याला अमुक एक आजार निघाला की नाही, एवढंच त्यावर होतं. मग त्याने विचारलं, या लक्षणाचा या आजाराशी संबंध दिसतो का? बहुतेकींनी ‘हो’ म्हटलं. कारण लक्षणही आहे आणि आजारही आहे अशी तब्बल ३७ कार्डं होती. हा झाला पहिला खाना, सगळ्यांत भरलेला.

आता उरलेले खाने मोजू. लक्षण असलेले रुग्ण एकूण ७०, त्यांतल्या ३७ जणांना आजार. म्हणजे निम्म्याहून जरा जास्त. लक्षण नसलेले रुग्ण ३०, त्यांतल्या १७ जणांना आजार. म्हणजे तेही निम्म्याहून जरा जास्तच! लक्षण असो वा नसो, आजाराचं प्रमाण जवळपास तेवढंच. पण हे कळायला लक्षण नसलेल्या रुग्णांकडेही बघावं लागतं.

ही गोष्ट खूप जुन्या काळापासून शहाण्या माणसांना खटकत आली आहे. फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंताने १६२० साली छापलेल्या पुस्तकात एक त्याहूनही जुनी गोष्ट सांगितली आहे. एका माणसाला देवळात नेऊन काही चित्रं दाखवली. वादळात जहाज सापडलं असताना ज्यांनी देवाला नवस बोलला आणि जे वाचले, त्यांची ती चित्रं होती. “आता तरी पटलं ना?” असं त्याला विचारलं. त्याने उलट विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे लावली आहेत? नवस फेडायला जिवंत माणूसच येणार. बुडालेला कुठून येईल आपलं चित्र घेऊन? तो खाना भिंतीवर दिसणारच नाही. तो आपल्यालाच डोक्यात आखावा लागतो.

आता तुम्हाला एका घोड्याची गोष्ट सांगते. ही माझी फार आवडती गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर सांगणार आहे.

साधारण १९०४ सालची गोष्ट. जर्मनीत, बर्लिन शहरात हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी काही वर्षं खपून हान्सला अंक शिकवले होते. हान्सला विचारलं, “तीन आणि चार किती?” की तो खूर आपटायचा. टप, टप, टप... सात वेळा आपटून थांबायचा. बेरीज, भागाकार, अपूर्णांक, घड्याळ, तारीख-वार, काय हवं ते विचारा! अंगणात बघ्यांची गर्दी व्हायची. ओस्टेन कोणाकडून एक पैसाही घेत नसत. घोड्याला बुद्धी असते हे जगाला दाखवायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता.

लोकांना शंका आली, की मालक गुपचूप खूण करत असेल. म्हणून १३ जणांची समिती नेमली. त्यात प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते, सर्कसवाले होते, घोडदळातले अधिकारी होते, जनावरांचे डॉक्टर होते आणि शिक्षक होते. त्यांनी सगळं तपासलं आणि सांगितलं, फसवाफसवी काहीही नाही. शिवाय ओस्टेन नसतानाही, दुसऱ्या कोणी प्रश्न विचारला तरी हान्स बरोबर उत्तर द्यायचा! मग आता काय म्हणणार? तुम्ही असता तर काय केलं असतं? आणखी शंभर गणितं घातली असती?

ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने तसं केलं नाही. हान्सचं उत्तर चुकेल कधी, हे त्याने शोधायचं ठरवलं. त्याने एक साधी युक्ती केली. काही वेळा असा प्रश्न विचारायचा, की त्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नसेल. समजा, एकाने हान्सच्या कानात एक आकडा सांगितला, दुसऱ्याने दुसरा सांगितला आणि बेरीज फक्त हान्सने करायची. हान्सला गणित येत असेल तर त्याला काय फरक पडतो?

पण फरक पडला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असलं तर हान्स बहुतेक वेळा बरोबर. माहीत नसलं तर बहुतेक वेळा चूक. आणि विचारणारा माणूस दिसेनासा झाला, तरी हान्सची पंचाईत.

हान्स गणित करतच नव्हता. तो माणसं वाचत होता! प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे वाकतो. ते दिसलं की हान्स खूर आपटायला लागायचा. टप टप मोजत मोजत बरोबर आकडा आला, की माणसाचं डोकं अगदी नकळत, केसभर वर व्हायचं. ते दिसलं की हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला आपण हललो याचा पत्ताही नसायचा. गंमत म्हणजे हे सगळं ज्याने शोधलं त्या फुंग्स्टलाही, माहीत असूनसुद्धा, आपलं डोकं स्थिर ठेवणं जमेना.

मला या गोष्टीत हान्सचं फार कौतुक वाटतं. १३ जाणकारांना जे दिसलं नाही ते तो रोज बघत होता. पण ओस्टेन यांना हा शोध काही पटला नाही. १९०९ साली ते वारले, तोवर आपला घोडा गणिती आहे यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी हजारो ‘हो’ स्वतःच्या कानांनी ऐकले होते ना!

फुंग्स्टच्या या युक्तीतून जगाला एक मोठी शिकवण मिळाली. आज नवीन औषध खरंच गुण देतं का हे तपासताना, कोणत्या रुग्णाला खरं औषध मिळालं आणि कोणाला नुसती साधी गोळी, हे रुग्णाला सांगत नाहीत आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. डोकं केसभर हलायलाही वाव ठेवायचा नाही.

असाच एक प्रयोग आपल्या पुण्यात २००८ साली झाला. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी तो केला. त्यांच्या विज्ञानकथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांच्यासोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे होते, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर होते, आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे होते. त्यांनी १०० अतिशय हुशार मुलांची आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांची जन्मवेळ, तारीख आणि गाव अशी माहिती मिळवून २०० पत्रिका तयार केल्या. मग ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं: नुसती पत्रिका बघून सांगा, हे मूल कोणत्या गटातलं.

५१ ज्योतिषी तयार झाले. प्रत्येकाला त्या ढिगातल्या ४० पत्रिका पाठवल्या. कोणती पत्रिका कोणाची हे ज्योतिषांना माहीत नव्हतं. पाठवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, कारण खरी यादी विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली होती. २७ जणांनी उत्तरं पाठवली. आता विचार करा, दोनच गट आहेत, तेव्हा नुसतं नाणं उडवून ‘छापा म्हणजे हुशार’ असं सांगत गेलं, तरी ४० पैकी साधारण २० उत्तरं बरोबर येतील. या २७ जणांच्या बरोबर उत्तरांची सरासरी निम्म्याहूनही थोडी कमी आली.

मग ज्योतिष खरं ठरल्याचे इतके किस्से आपण ऐकतो ते कसे? चार खाने आठवा. ‘सांगितलं आणि तसंच झालं’ हा खाना लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगतात. ‘सांगितलं पण तसं नाही झालं’ हा खाना कोण सांगत बसतं? नारळीकरांच्या प्रयोगात मात्र ४० च्या ४० उत्तरं मोजायची होती. चुकलेलं उत्तरही कागदावर येणारच होतं. हा प्रयोग मला म्हणूनच इतका महत्त्वाचा वाटतो. त्यांनी कोणाशी भांडण केलं नाही, कोणाला नावं ठेवली नाहीत. चूक दिसू शकेल अशी एक खुली संधी दिली आणि उत्तरं मोजली.

आता पुन्हा कागद घ्या, कारण वेसनने १९६६ साली आणखी एक कोडं काढलं. त्याची ही आपली मराठी आवृत्ती. टेबलावर चार कार्डं आहेत. प्रत्येक कार्डावर एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा आहे. तुम्हाला वरची बाजू दिसतेय ती अशी: अ, क, ४, ७. मी म्हणते, “एका बाजूला स्वर असेल तर मागच्या बाजूला सम संख्या असतेच.” मी खरं बोलतेय का हे तपासायला कोणती कार्डं उलटून बघावी लागतील? लागतील तेवढीच उलटायची.

लिहिलंत?

बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. किंवा नुसतं ‘अ’. बरोबर उत्तर आहे ‘अ आणि ७’. ४ च्या मागे काहीही निघू दे, माझं बोलणं खोटं ठरत नाही, कारण व्यंजनामागे सम संख्या नसते असं मी म्हटलंच नव्हतं. पण ७ च्या मागे स्वर निघाला, तर माझी लबाडी तिथल्या तिथे पकडली जाईल. ‘नाही’ लपलंय ते ७ च्या मागे, आणि आपण उलटतो ४. हे कोडं जगभर अनेकांना घालून बघितलंय. दहात एखाद्यालाच ते जमतं.

चुकलात म्हणून नाराज होऊ नका. हेच कोडं मी दुसऱ्या कपड्यात आणते. एसटीत मुलांचं अर्धं तिकीट १२ वर्षांपर्यंत असतं. (बायकांना आणि ज्येष्ठांना मिळणारी सवलत वेगळी, ती इथे सोडून देऊ.) बसमध्ये चार मुलगे बसलेत. एकाच्या हातात अर्धं तिकीट दिसतंय, वय माहीत नाही. दुसऱ्याच्या हातात पूर्ण तिकीट. तिसरा ८ वर्षांचा आहे हे कंडक्टरला माहीत आहे, तिकीट खिशात. चौथा १५ वर्षांचा, त्याचंही तिकीट खिशात. कोणाकोणाला तपासायचं?

चुटकीसरशी आलं ना! अर्ध्या तिकिटवाल्याचं वय विचारायचं आणि १५ वर्षांच्या मुलाचं तिकीट बघायचं. ८ वर्षांच्या मुलाला कोण कशाला छळेल? आता दोन्ही कोडी शेजारी ठेवून बघा. अर्धं तिकीट म्हणजे ‘अ’, आणि १५ वर्षांचा मुलगा म्हणजे ‘७’. कोडं तेच!

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी १९८२ साली असंच वयाच्या नियमाचं कोडं विद्यार्थ्यांना घातलं होतं. दर चारांपैकी जवळपास तिघांनी ते बरोबर सोडवलं. म्हणजे आपल्या मेंदूला ‘नाही’ शोधता येतच नाही असं नाही. मग अक्षर-आकड्यांच्या वेळी तो का अडखळतो? लीडा कॉस्मिडीस या शास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं, की माणसं हजारो पिढ्या एकमेकांच्या मदतीने जगत आली, त्यामुळे नियम मोडून फायदा उपटणाऱ्याला हेरण्यात आपला मेंदू तरबेज झाला आहे. काही शास्त्रज्ञांना हे पटत नाही. ते म्हणतात, ओळखीच्या नियमांचा आपल्याला सराव असतो, इतकंच. हा वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी त्यात उडी घेतली तर मला फार आवडेल.

आणखी एक प्रयोग तर मला फारच आशा वाटायला लावतो. १९९८ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात मोशमन आणि गाइल या दोघांनी कार्डांचं ते अवघड कोडं काही विद्यार्थ्यांना एकेकट्याने सोडवायला दिलं. दहात एकालाही धड जमलं नाही. शिवाय विद्यार्थ्यांचे पाच-सहा जणांचे २० गट केले आणि गप्पा मारून उत्तर ठरवा म्हटलं. त्यांतल्या १५ गटांनी बरोबर उत्तर दिलं! मेंदू तसेच, कोडं तेच. पण स्वतःच्या मनात आलेल्या उत्तरातली खोट स्वतःला दिसत नाही, ती शेजारी बसलेल्याला पटकन दिसते. त्याचं त्या उत्तरावर आपल्याइतकं प्रेम नसतं ना!

हे तुम्ही वर्गात करून बघू शकता. जाड कागदाची चार कार्डं कापा. सातच्या मागे मुद्दाम एक स्वर लिहा, पण कोणाला दाखवू नका. हा लेख न वाचलेले पाच मित्रमैत्रिणी गोळा करा. आधी प्रत्येकाला गुपचूप आपलं उत्तर लिहायला सांगा, कागद दुमडून घ्या, आणि मग त्यांना आपसात चर्चा करू द्या. तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही, मानही हलवायची नाही. हान्स आठवतोय ना? नुसतं लक्ष ठेवून बघा, “पण ७ च्या मागे स्वर असला तर?” असं पहिल्यांदा कोण विचारतं, आणि त्यानंतर बाकीच्यांचं काय होतं.